महाजालाचे दप्तरदार : जॉन पोस्टेल

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या संगणककक्षातील यंत्रे महाजालास जोडून देण्यासाठी एक तरुण तंत्रज्ञ आला होता. काम करता करता तो भ्रमणध्वनीवरून आपल्या सहकाऱ्यास सांगत होता की पंचवीस बंद ठेव, ऐंशी व चारशे त्रेचाळीस उघडे ठेव आणि त्रेपन्नकडे एकदा पाहून घे. जवळ उभ्या असलेल्या नववीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले की हे आकडे मुळात ठरविले कोणी, आणि पंचवीसच का, सव्वीस का नव्हे? तंत्रज्ञास ते ठाऊक नव्हते. खरे सांगावयाचे तर आम्हांसही ठाऊक नव्हते. विद्यार्थ्याचा प्रश्न अनुत्तरित ठेवणे आम्हांस बरे वाटेना. म्हणून आम्ही शोध घेतला, आणि त्या रुक्ष आकड्यांच्या मागे एक लांब दाढीचा, पायांत साध्या चपला घालून हिंडणारा, मितभाषी गृहस्थ उभा असलेला आम्हांस दिसला. त्यांचे नाव जॉन पोस्टेल. त्यांचे चरित्र आमच्या वाचकांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

परंतु चरित्राकडे वळण्यापूर्वी ते आकडे म्हणजे काय हे थोडक्यात सांगितले पाहिजे. नाही तर या गृहस्थांनी आयुष्यभर काय केले हेच कळावयाचे नाही. महाजालावरील प्रत्येक संगणकास आपला असा एक पत्ता असतो. पण एकच संगणक एकाच वेळी अनेक कामे करीत असतो: कोणाचे पत्र घेतो, कोणास चित्र दाखवितो, कोणास नुसती वेळ सांगतो. आपल्या गावातील मुख्य टपाल कचेरीचे उदाहरण घ्या. इमारतीचा पत्ता एकच. परंतु आत गेल्यावर तिकिटांची खिडकी वेगळी, पार्सलाची वेगळी आणि बचतखात्याची वेगळी. तिकिटांच्या खिडकीशी पार्सल घेऊन उभे राहिले तर आतला कारकून आपल्याकडे पाहणारसुद्धा नाही. संगणकाच्या अशाच खिडक्यांना पोर्ट म्हणतात आणि त्या शून्यापासून ६५,५३५ पर्यंत मोजलेल्या असतात. (इंग्रजीत बंदरालाही हाच शब्द आहे, पण येथे जहाजांचा काही संबंध नाही.) त्या खिडकीशी उभे राहून काय बोलावयाचे, आधी कोणी बोलावयाचे, कोणत्या शब्दाला कोणते उत्तर द्यावयाचे, हा जो ठरलेला शिष्टाचार, त्याला प्रोटोकॉल अशी संज्ञा आहे. पत्रांची खिडकी मुंबईत २५ आणि टोकियोत ७० अशी असती, तर एकाचे पत्र दुसऱ्यास कधीच मिळाले नसते. तेव्हा कोणी तरी एकाने वही घेऊन बसावे, आकडे नोंदवावेत, एकच आकडा दोघांना जाणार नाही हे पाहावे, याला गत्यंतरच नव्हते. जगाच्या वतीने ती वही सुमारे पंचवीस वर्षे पोस्टेल यांनी सांभाळली. आपल्याकडे गावचे दप्तर कुलकर्णी सांभाळीत. त्यांना निदान वतन तरी असे. पोस्टेल यांना तेही नव्हते.

जॉनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, अल्टाडेना या गावी झाला. हे गाव लॉस एंजेलिस नगराच्या ईशान्येस डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे. त्यांचे माध्यमिक शिक्षण व्हॅन नाइज येथील शाळेत झाले. या एका शाळेचे भाग्य मात्र नवल वाटण्याजोगे आहे. पुढे महाजालाची उभारणी करणाऱ्या मंडळीत ज्यांची गणना झाली ते व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही तिचेच विद्यार्थी. तथापि या तिघांची खरी गाठ पडली ती लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात. तेथून पोस्टेल यांनी १९६६ साली अभियांत्रिकीची पदवी व १९६८ साली पदव्युत्तर पदवी मिळविली, आणि १९७४ साली संगणकशास्त्रात डॉक्टरेट संपादन केली. त्यांच्या प्रबंधाचा विषय संगणकांच्या परस्परसंभाषणाचे नियम हाच होता. म्हणजे पुढे जे आयुष्यभर केले तेच आधी अभ्यासिले.

ते विद्यापीठात शिकत असतानाच एक असाधारण घटना घडून येत होती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका संशोधनसंस्थेने दूरदूरच्या विद्यापीठांतील संगणक एकमेकांस जोडण्याचे ठरविले होते. या जोडणीस अर्पानेट असे नाव पडले. तिचे पहिले ठाणे लॉस एंजेलिसच्या याच विद्यापीठात, प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत स्थापन झाले आणि पोस्टेल त्या प्रयोगशाळेत काम करीत. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री तेथून उत्तरेकडील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेतील संगणकास पहिला संदेश धाडण्याचा प्रयत्न झाला. ‘लॉगिन’ या शब्दाची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले! तासाभराने पुन्हा यत्न करून काम साधले. त्या वर्षअखेर जालावर चार ठाणी होती.

यंत्रे जोडली गेली, पण ती एकमेकांशी बोलणार कोणत्या रीतीने? ते ठरविण्याचे काम वयाने व मानाने मोठ्या मंडळींनी केले असेल असे आपणांस वाटेल. वस्तुतः ते पडले विद्यार्थ्यांवर. ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर यांनी आपसांतील चर्चेचे पहिले टिपण लिहिले. आपण पोरे, आपण नियम सांगू लागलो तर कोणी वडीलधारा रागावेल, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून त्यांनी त्या टिपणास नम्र नाव दिले: अभिप्रायार्थ विनंती. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास आरएफसी म्हणतात. ते नाव कायमचे चिकटले. आज अशा टिपणांची संख्या नऊ हजारांच्या वर गेली आहे आणि महाजालाचे सारे नियम त्यांतच नमूद आहेत. परंतु नाव अजूनही विनंतीच! ही टिपणे गोळा करणे, तपासणे, त्यांना क्रमांक देणे आणि मागेल त्यास विनामूल्य देणे हे काम पोस्टेल यांच्याकडे आले, व ते त्यांनी मरेपर्यंत केले. कोणाचे लिखाण संदिग्ध असेल तर ते परत जाई. लिहिणारा मोठा प्राध्यापक असला तरी परत जाई.

आकड्यांची वही याच सुमारास सुरू झाली. प्रथम त्यांनी ती केवळ सोयीसाठी, कोणी सांगितले नसता ठेवली होती असे दिसते. ३० मे १९७२ च्या टिपणात, ज्याचा क्रमांक ३४९ आहे, त्यांनी ठराविक कामांना ठराविक आकडे असावेत अशी सूचना केली आणि आकडे वाटून देणारा एक सर्वाधिकारी नेमावा असे म्हटले. तो अधिकारी आपणच व्हावे काय, असे एक प्रश्नचिन्हही मिस्कीलपणे जोडून दिले. कोणी हरकत घेतली नाही. इतके कंटाळवाणे काम आपण होऊन मागणाऱ्यास हरकत कोण घेणार? त्या पहिल्या यादीत पाचच आकडे होते: १, ३, ५, ७ आणि ९. ७ हा प्रतिध्वनीचा, म्हणजे त्या खिडकीत जे द्यावे तेच परत मिळे. ९ हा विसर्जनाचा, जे द्यावे ते मुकाट्याने टाकून दिले जाई. दोन्हींचा उपयोग जोडणी नीट चालली आहे की नाही हे पाहण्यापुरता.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर या यादीतच आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. सारे आकडे विषम आहेत. त्या काळच्या जुन्या पद्धतीत एका वाटेने एकाच दिशेस बोलता येई. जाण्याची वाट निराळी, येण्याची निराळी. म्हणून प्रत्येक कामास सम व विषम अशी आकड्यांची जोडी राखून ठेवावी लागे. पुढे टीसीपी ही नवी पद्धत आली आणि एकाच वाटेने दोन्हीकडून बोलता येऊ लागले. तेव्हा जोडीतला एक आकडा रिकामा पडला, पण दुसरा तसाच चालू राहिला. फाइली पोहोचविणाऱ्या एफटीपीला २१, दूरच्या यंत्रावर बसल्या जागी काम करू देणाऱ्या टेलनेटला २३, पत्रे नेणाऱ्या एसएमटीपीला २५. आमच्या मते या आकड्यांत जुन्या वाड्याच्या वापरात नसलेल्या जिन्यासारखी एक खूण उरली आहे. जिना कोठे जात होता ते आज कोणास आठवत नाही, पण पायऱ्या मात्र आहेत.

शिक्षण आटोपल्यावर पोस्टेल यांनी काही काळ स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या विभागात काम केले, आणि मार्च १९७७ मध्ये ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत दाखल झाले. लॉस एंजेलिसजवळ मरिना डेल रे येथे समुद्रकाठी ही संस्था आहे. येथून ते पुढे कोठेही गेले नाहीत.

येथे आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी एक टिपण लिहिले, त्याचे महत्त्व फार मोठे आहे. त्या वेळी व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी योजिलेली टीसीपी पद्धत दोन कामे एकटीच करीत होती: वाटेतील एका ठाण्याकडून दुसऱ्या ठाण्याकडे मजकूर ढकलणे, आणि तो शेवटी पूर्ण व क्रमाने पोहोचला की नाही याची खात्री करणे. ऑगस्ट १९७७ मध्ये पोस्टेल यांनी स्पष्ट लिहिले की ही दोन कामे एकत्र करणे चूक आहे. टपालगाडीच्या चालकाने पत्र फोडून त्यातील पाने मोजण्याचे कारण नाही; पाने मोजणे हे ज्याला पत्र आले त्याचे काम. या विचाराने १९७८ साली पद्धतीचे दोन भाग झाले. वाहून नेण्याचे काम आयपीकडे गेले व खात्री करून घेण्याचे टीसीपीकडे राहिले. ज्याला खात्रीपेक्षा वेग हवा असेल त्याच्यासाठी यूडीपी नावाची तिसरी, हलकी पद्धत निघाली. तिचे नियम पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८० मध्ये अवघ्या तीन पानांत लिहून दिले आणि ते आजही चालू आहेत. आयपी व टीसीपी यांची नियमपत्रे सप्टेंबर १९८१ ची; क्रमांक ७९१ आणि ७९३; त्यांवर संपादक म्हणून पोस्टेल यांचेच नाव आहे. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटवरील सर्व यंत्रांनी जुनी पद्धत टाकून ही नवी स्वीकारावी असे ठरले, आणि त्या स्थित्यंतराची योजनाही त्यांनीच लिहिली होती. आज आपण भ्रमणध्वनीवर जे काही पाहतो ते याच दोन नियमपत्रांच्या पायावर उभे आहे.

त्याच लिखाणात त्यांनी एक तत्त्व सांगितले, ते पुढे त्यांच्या नावानेच ओळखले जाऊ लागले. त्याचा भावार्थ असा की आपण दुसऱ्यास जे पाठवावयाचे ते काटेकोर नियमांत बसवून पाठवावे. परंतु दुसऱ्याकडून जे येईल त्यातील लहानसहान चुका पोटात घालाव्यात. भिन्न भिन्न लोकांनी भिन्न भिन्न ठिकाणी बनविलेली यंत्रे एकमेकांशी बोलू शकली, ती या उदारपणामुळेच. अलीकडील काही अभ्यासकांनी मात्र या तत्त्वावर आक्षेप घेतला आहे. चुका पोटात घातल्या की त्या दुरुस्त होत नाहीत, उलट त्यांचीच रूढी पडते, असे ते म्हणतात. आम्हांस या आक्षेपात तथ्य वाटते. शिक्षकाला तर ते विशेषच पटावे! पण पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या मुलाचे शुद्धलेखन तपासत बसले तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही, हेही तितकेच खरे. पोस्टेल यांनी तत्त्व सांगितले तेव्हा महाजालाचा पहिलाच दिवस होता.

आकड्यांची यादी वर्षानुवर्षे वाढत गेली. यात त्यांना जॉइस रेनल्ड्स या सहकारी बाईंचे फार मोठे साहाय्य झाले. दोघांच्या नावांनी एकत्र प्रसिद्ध झालेली नियमपत्रे पुष्कळ आहेत. नावे व पत्ते यांची सांगड घालणाऱ्या डीएनएसला ५३ मिळाला. यंत्रांची घड्याळे जुळविणाऱ्या एनटीपीला १२३. १९९२ सालच्या यादीत टिम बर्नर्स-ली यांच्या नव्या विश्वव्यापी जाळ्यासाठी ८० ची नोंद झाली, आणि तेच जाळे कुलूपबंद रीतीने वापरण्यासाठी ४४३ हा आकडा १९९४ च्या यादीत आला. १०२४ च्या खालचे आकडे सर्वमान्य कामांसाठी राखून ठेवण्याची रीत पडली.

आकडे मागावयाचे कसे, याची एक गोष्ट मोठी मौजेची आहे. फिनलंडमध्ये, हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात टाटू यलोनेन नावाचा तरुण होता. टेलनेटवरून जाणारे पासवर्ड वाटेत कोणीही वाचू शके, आणि त्याच्या विद्यापीठाच्या जालावर तसे घडलेही होते. म्हणून त्याने सारे संभाषण गुप्त लिपीत नेणारी एक नवी आज्ञावली लिहिली. तिला एसएसएच असे नाव दिले. एफटीपीचा आकडा २१, टेलनेटचा २३. मधला २२ रिकामा होता. तो मिळाला तर किती बरे, असे त्याला वाटले. जुलै १९९५ मध्ये त्याने मरिना डेल रे येथे साधे पत्र लिहिले. ना शिफारस, ना शुल्क, ना ओळख. दुसऱ्याच दिवशी जॉइस रेनल्ड्स यांचे उत्तर आले की २२ हा आकडा आपल्या नावे नोंदला आहे. सरकारी कचेरीत एखादा दाखला मागावयास गेलेल्या आमच्या वाचकांस ही गोष्ट दंतकथेसारखी वाटेल. पण ती खरी आहे. आज जगातील बहुतेक सर्व्हरांची देखभाल याच बावीस क्रमांकाच्या दाराने होते.

आकड्यांप्रमाणे नावांचीही व्यवस्था लावावी लागली. संगणकांना नावे देण्याबद्दल निरनिराळ्या सूचना आल्या होत्या. त्यांची तडजोड काढण्याचे काम पोस्टेल यांनी आपल्या संस्थेतील पॉल मोकापेट्रिस यांच्यावर सोपविले, आणि त्यांनी तडजोड न काढता १९८३ साली नवीच पद्धत शोधून काढली. तीच डीएनएस. १९८५ पासून देशांना दोन अक्षरी नावे मिळू लागली. येथे एक बिकट प्रश्न होता: देश कोणाला म्हणावे? पोस्टेल यांनी फार शहाणपणाने तो प्रश्न अंगावरच घेतला नाही. आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेची देशांच्या संक्षेपांची एक यादी आधीपासून होती. तिच्यात जे असेल ते ग्राह्य, नसेल ते नाही, असा त्यांनी दंडक घातला. भारताचे ‘डॉट इन’ हे नाव मे १९८९ मध्ये नोंदले गेले, आणि पुढे अनेक वर्षे त्याची वही मुंबईस जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत होती. जगाच्या त्या दप्तरातील एक पान असे आपल्या मुंबईतही लिहिले जात होते.

वास्तविक हे दप्तर म्हणजे कोणती मोठी कचेरी नव्हे. १९८८ च्या सुमारास तिला आयाना असे भारदस्त नाव मिळाले, त्याचा अर्थ महाजालाच्या आकड्यांचे वाटप करणारी अधिकारसंस्था असा आहे. ही अधिकारसंस्था म्हणजे पोस्टेल, रेनल्ड्सबाई आणि एकदोन सहकारी. संरक्षण खात्याच्या संशोधन अनुदानातून त्यांचा खर्च चाले. पोस्टेल स्वतः सभासंमेलनांत फारसे बोलत नसत. बोलले तर थोडे आणि मुद्द्याचे. सुटी मिळाली की पाठीवर पिशवी टाकून सिएरा नेवाडाच्या डोंगररांगांत पायी हिंडावयास जात. १९९७ साली लंडनच्या एका विख्यात साप्ताहिकाने, महाजालाला जर कोणी देव असेल तर तो बहुधा हाच, अशा अर्थाचे लिहिले. तोपर्यंत अमेरिकेबाहेर त्यांचे नाव थोड्याच लोकांस ठाऊक होते.

या चरित्रातील उणी बाजूही सांगितली पाहिजे. पोस्टेल आणि त्यांचे सहकारी एकमेकांस ओळखत होते, एकमेकांवर विश्वास टाकीत होते, आणि त्यांनी जे नियम लिहिले ते अशाच विश्वासू शेजाऱ्यांसाठी लिहिले. टेलनेटमध्ये पासवर्ड उघडा जाई. ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेल यांनी लिहिलेल्या पत्रांच्या नियमांत, पत्रावर ज्याचे नाव आहे त्यानेच ते पाठविले काय, हे पडताळून पाहण्याची सोय नव्हती. पंचवीस क्रमांकाची खिडकी कोणाचेही पत्र घेई. याचा परिणाम काय झाला तो रोज येणाऱ्या नकोशा व फसव्या पत्रांवरून आपण सारे जाणतोच. तो तंत्रज्ञ पंचवीस बंद ठेवावयास सांगत होता तो याचसाठी. नोव्हेंबर १९८८ मध्ये एका विद्यार्थ्याने सोडलेल्या आज्ञावलीने पत्रव्यवस्थेतील व इतर अशाच उणिवांचा लाभ घेऊन हजारो यंत्रे निकामी केली. एवढेच काय, निरुपद्रवी म्हणून नेमलेला सात क्रमांकाचा प्रतिध्वनीसुद्धा दुष्टांच्या उपयोगी पडला. एकोणीस क्रमांकाच्या खिडकीतून, कोणी काही धाडले की उत्तरादाखल अक्षरे येत. एका यंत्राच्या एकोणीसची दुसऱ्याच्या सातशी खोट्या पत्राने गाठ घालून दिली की दोन्ही यंत्रे एकमेकांना अखंड उत्तरे देत बसत आणि इतर सर्व काम थांबे. हा दोष एकट्या पोस्टेल यांचा नव्हता. पण आम्ही तो झाकून ठेवू इच्छीत नाही. घराला कुलूप न लावणारा माणूस सज्जन असेल. त्याच्या घरी चोरी व्हावयाची टळत नाही.

जोपर्यंत महाजाल विद्यापीठांपुरते होते तोपर्यंत वही कोणाची, हा प्रश्न कोणी विचारला नाही. १९९५ च्या सप्टेंबरपासून मात्र नावांच्या नोंदणीस शुल्क लागू झाले: वर्षाला पन्नास डॉलर. नोंदणी करणारी कंपनी एकच होती आणि तिला सरकारी करार होता. पाहता पाहता नावांचा बाजार भरला. एकच कंपनी का, शुल्क कोणी ठरविले, नवी नावे कोण देणार, असे प्रश्न सर्व बाजूंनी उठले. वकील आले, व्यापारी आले, सरकारे आली. पोस्टेल यांचे मत होते की नवी नावे निघावीत आणि नोंदणी अनेकांच्या हाती जावी. त्यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय खटपटीत ते पुढे होते. परंतु अमेरिकेच्या सरकारने ती योजना मान्य केली नाही.

आणि मग २८ जानेवारी १९९८ चा दिवस उजाडला. महाजालावरील सर्व नावांची मूळ यादी त्या वेळी तेरा यंत्रांवर असे. त्यांतील पहिले यंत्र त्या कंपनीकडे होते आणि बाकीची त्यावरून नक्कल उतरवून घेत. पोस्टेल यांनी आठ यंत्रांच्या चालकांस पत्र लिहून कळविले की यापुढे नक्कल कंपनीच्या यंत्रावरून न घेता आमच्या यंत्रावरून घ्यावी. आठही जणांनी तसे केले. त्यांना कोणताही कायदा तसे करण्यास भाग पाडीत नव्हता. पोस्टेल यांनी सांगितले, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटले. याद्या दोन्हीकडे सारख्याच होत्या, म्हणून सामान्य माणसास काडीचाही फरक जाणवला नाही. परंतु महाजालाचे अर्धे मूळ एका माणसाच्या एका पत्राने एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवले गेले होते. वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी ताबडतोब पूर्वस्थिती आणण्यास सांगितले. ही केवळ चाचणी होती असे पोस्टेल यांनी म्हटले, आणि आठवडाभरात सर्व काही होते तसे करून दिले.

ती खरोखर चाचणी होती, की हे दप्तर लोकांनी विश्वासाने माझ्या हाती दिले आहे, सरकारने नव्हे, असे त्यांना दाखवून द्यावयाचे होते? याविषयी आजही मतभेद आहेत. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. पण त्याहून आम्हांस विचारात पाडते ते हे की हा विश्वासाचा अधिकार किती मोठा आणि किती नाजूक होता! त्यांनी तो आयुष्यात एकदाच वापरून पाहिला आणि वापरताच तो त्यांच्या हाती राहू शकणार नाही हे सर्वांस, कदाचित त्यांनाही, कळून चुकले. एका माणसाच्या सज्जनपणावर साऱ्या जगाचा व्यवहार टेकवून ठेवणे योग्य नाही, ही सरकारची शंका चुकीची म्हणता येत नाही. त्याच वेळी, सुमारे पंचवीस वर्षे ज्याने कधी एक आकडाही विकला नाही त्याच्या हातून वही काढून घ्यावी लागणे हेही मनाला लागल्याशिवाय राहत नाही.

पोस्टेल रुसून बसले नाहीत. दप्तर एका विश्वस्त संस्थेकडे सोपवावे असे ठरताच तिची घटना तयार करण्याच्या कामास ते लागले. सप्टेंबर १९९८ च्या अखेरीस आयकॅन ही संस्था कॅलिफोर्नियात रीतसर नोंदली गेली. तिचे काम ते थोडेच दिवस पाहू शकले. हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर प्रकृती बिघडून १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचा अंत झाला. वय पंचावन्न वर्षांचे होते.

दुसऱ्याच दिवशी व्हिंट सर्फ यांनी त्यांच्या आठवणी लिहून त्या त्यांच्याच टिपणांच्या मालिकेत प्रसिद्ध केल्या. नियमांच्या त्या रूक्ष संग्रहात क्रमांक २४६८ चे ते पत्र आजही तसेच आहे. महाजालाची सेवा करणाऱ्यांसाठी इंटरनेट सोसायटीने त्यांच्या नावे पारितोषिक ठेवले आणि १९९९ सालचे पहिले पारितोषिक मरणोत्तर त्यांनाच दिले.

आकड्यांच्या छापील याद्या काढण्याची प्रथा १९९४ च्या यादीनंतर थांबली. ती वही आता महाजालावरच असते. रोज अद्ययावत होते आणि कोणासही पाहता येते. आम्ही त्या विद्यार्थ्यास संगणकासमोर बसवून ती उघडून दाखविली. प्रत्येक आकड्यासमोर तो ज्याच्या नावे नोंदला आहे त्याचे नाव लिहिण्याचा एक रकाना तेथे आहे. ७, ९, २१, २३ आणि २५ या आकड्यांसमोर त्या रकान्यात अद्याप जॉन पोस्टेल हेच नाव आहे.